आक्रमक खेळणाऱ्याने पॅडलची रॅकेट कशी निवडावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तीन वर्षं पॅडल (काचेच्या भिंतींच्या कोर्टवर, बिनतारांच्या रॅकेटने खेळायचा जोडीचा खेळ) खेळताय, त्याआधी बरीच वर्षं बॅडमिंटन. उजव्या हाताचे, कोर्टवर डावी बाजू तुमची, गुण मिळवायचे ते स्मॅशवर. आता तीस हजारांपर्यंत खर्च करून डायमंड आकाराची, १८के कार्बनची, कडक गाभ्याची रॅकेट घ्यावी का?

आत्ता घेऊ नका. स्मॅशसाठी म्हणून तर नकोच.

मी हेच केलं होतं. डायमंड, ३७५ ग्रॅम, वजन सगळं डोक्याकडे. पहिले काही आठवडे सुख होतं. लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू, जरा आखूड पडला की चेंडू टप्पा घेऊन बाजूच्या तीन मीटरच्या जाळीवरून बाहेर. दोन महिन्यांनी उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखायला लागली आणि पुढे चहाचं पातेलं उचलतानाही कळ यायची. सहा आठवडे खेळ बंद, फिजिओथेरपी सुरू. रॅकेट वाईट नव्हती. मी ती फक्त स्मॅश डोळ्यांसमोर ठेवून घेतली होती, आणि सामन्यात स्मॅश किती थोडे असतात याचा हिशेबच केला नव्हता.

तुम्ही तो करून बघा. पुढच्या सामन्याला कुणाला तरी बाहेर बसवून मोजायला सांगा: पूर्ण ताकदीचे स्मॅश किती, बांदेहा (डोक्यावरून कापून मारलेला, ताब्यातला फटका) आणि विबोरा (तसाच, पण जास्त वेगाचा आणि फिरकीचा) किती, मागच्या काचेवरून आलेले चेंडू किती, अंगावर आलेल्या व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारलेले चेंडू, किती. डाव्या बाजूच्या खेळाडूला मधले लॉब घ्यावे लागतात, म्हणून डोक्यावरचे फटके त्याच्या वाट्याला जास्त येतात हे खरं. पण त्यातले बहुतेक बांदेहा असतात, नेटजवळची जागा सुटू नये म्हणून मारलेले. ती जागा टिकली तरच स्मॅशची संधी येते. म्हणून आक्रमक खेळाडूची रॅकेट मी बांदेह्यावर पारखतो, तीही तिसऱ्या सेटमधल्या, हात भरून आल्यावरच्या बांदेह्यावर.

नियमाप्रमाणे रॅकेट जास्तीत जास्त ४५.५ सेंटिमीटर लांब, २६ रुंद आणि ३८ मिलिमीटर जाड असू शकते. बहुतेक सगळ्या याच मर्यादेला टेकलेल्या असतात, त्यामुळे खरा फरक आकार आणि वजनाची वाटणी यांत आहे. डायमंडची रुंदी वरच्या बाजूला असते, त्यामुळे वजनही वर जातं आणि स्वीट स्पॉटही, म्हणजे चेंडू सगळ्यात चांगला निघतो ती जागा. डोक्यावरून मारताना चेंडू आपोआप वरच्या भागात लागतो, तिथे हा आकार शोभतो. तीच रॅकेट काचेवरून गुडघ्याखाली घसरलेला चेंडू काढताना नकोशी होते. घाईत चेंडू मधोमध किंवा खाली लागतो आणि तिथून तो निघतच नाही. गोल रॅकेट याच्या उलट. थेंबाच्या आकाराची या दोन्हींच्या मधली.

आता वजन आणि तोल, कारण लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात. मुठीच्या टोकापासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर साधारण २५.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर तोल खाली, २६.५च्या वर गेलं तर वर, असा ढोबळ हिशेब. तुम्ही बॅडमिंटनवाले आहात, हेड-हेवी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. फरक एवढाच की तिथली रॅकेट ८५ ग्रॅमच्या आसपास असते आणि ही चौपटीहून जड. बॅडमिंटनमधली मनगटाची चाबूक मारल्यासारखी झटक हातात बसलेली असते. तीच झटक ३७० ग्रॅमच्या, वर वजन असलेल्या रॅकेटला दिली की तो भार कोपराच्या स्नायूंवर येतो. बॅडमिंटनमधून आलेल्या बऱ्याच जणांचं कोपर याच वळणावर दुखायला लागलेलं मी पाहिलंय. त्यामुळे तुम्हाला माझं हे सांगणं थोडं आग्रहाचं आहे.

दुकानात एक उपाय हमखास सांगतात: "जड वाटली तर दोन ओव्हरग्रिप चढवा, तोल खाली येतो." ओव्हरग्रिप म्हणजे मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी. तोल खाली येतो, पण कागदावर. ३७० ग्रॅमच्या, २६ सेंटिमीटर तोलाच्या रॅकेटवर सहा-सहा ग्रॅमच्या दोन ओव्हरग्रिप चढवल्या तर तोलबिंदू सुमारे ६ मिलिमीटर खाली सरकतो. हातात धरून उभं राहिलं की ती हलकी वाटते. पण डोक्याकडचं वजन एक ग्रॅमनेही कमी झालेलं नसतं आणि रॅकेट फिरवायला तेवढाच जोर लागतो. म्हणून उलट दिशेने जा. डोकं हलकं असलेली रॅकेट घ्या आणि गरज वाटली तर वरच्या कडेला शिशाची पट्टी चिकटवा. ५ ग्रॅम टोकाशी लावले तर तोल दोन-अडीच मिलिमीटर वर जातो. नाही जमलं तर पट्टी काढता येते, मूळचं वजन मात्र कापून टाकता येत नाही. आदिदासच्या मेटलबोन रॅकेटमध्ये तर वजनाचे स्क्रू बदलण्याची सोयच दिलेली आहे.

गाभ्याबद्दल. कडक इव्हा (फेसासारखा रबरी पदार्थ) गाभा जोरात फिरवणाऱ्याला साथ देतो. मऊ गाभा मोठ्या फटक्यात दबून जातो आणि चेंडू कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. पण हात हळू चालला की कडक रॅकेट फळीसारखी होते, सगळी ताकद तुम्हालाच घालावी लागते. शिवाय हा पदार्थ हवामानाप्रमाणे बदलतो: उन्हात नरमतो, थंडीत ताठरतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी, पारा दहा-बारा अंशांवर असताना, कडक रॅकेटने खेळून पाहा, कोपर लगेच सांगेल. मुंबईत मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मात्र मऊ रॅकेट फारच लिबलिबीत वाटते. वर्षभर एकच वापरायची असेल तर मध्यम किंवा मध्यम-कडक घ्या. आणि कोणतीही असली तरी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका.

१८के या आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही. १८के म्हणजे एका धाग्यात अठरा हजार तंतू, इतकंच. रॅकेट किती कडक लागेल ते थर किती, राळ कोणती, गाभा कसला या सगळ्यावर ठरतं. खरखरीत पृष्ठभागाने विबोराला थोडी फिरकी मिळते, पण तो काही महिन्यांत झिजतो. त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

मोठ्या खेळाडूंकडे बघायचंच असेल तर नीट बघा. हुआन लेब्रोनच्या नावाशी जोडलेली बाबोलाची टेक्निकल वायपर डायमंड आहे, हे खरं. पण आगुस्तिन तापिया, ज्याच्याइतका स्फोटक फटका आज क्वचितच कुणाचा असेल, तो ज्या नॉक्स एटी१० मुळे ओळखला जातो ती मूळ रॅकेट थेंबाच्या आकाराची आहे. ताकद त्याच्या पायांत आणि चेंडूखाली वेळेवर पोहोचण्यात आहे.

तुमच्यासाठी मी हे निवडेन: थेंबाचा आकार, मध्यम-कडक गाभा, कार्बनचा पृष्ठभाग, ३६० ते ३६५ ग्रॅम, तोल २६ सेंटिमीटरच्या आसपास. कोपर आधीच कुरकुरत असेल तर कार्बनऐवजी फायबरग्लास, तेवढी ताकद गेली तरी चालेल. गेल्या वर्षीचं मॉडेल मिळालं तर बिनधास्त घ्या, पुष्कळदा रंगापलीकडे फारसं काही बदललेलं नसतं. डायमंडकडे तेव्हा वळा, जेव्हा दीड तास खेळून झाल्यावरही सलग वीस बांदेहे सर्व्हिस रेषेच्या मागे, खोल टाकता येतील आणि दुसऱ्या दिवशी हात दुखणार नाही.

घेण्याआधी कुणाची तरी मागून किंवा क्लबची चाचणीची रॅकेट घेऊन खेळा, आणि सत्राच्या शेवटच्या अर्ध्या तासात खेळा. ताज्या हाताला सगळ्याच चांगल्या वाटतात. स्मॅश सगळ्यात शेवटी मारा. आधी मित्राला मागच्या काचेवर हळू चेंडू टाकायला सांगा आणि तो पलीकडे खोल जातो का बघा. मग नेटजवळ उभे राहून अंगावर व्हॉली घ्या.

दुकानात जाताना घरचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक मोजपट्टी सोबत न्या. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्ये पाच-दहा ग्रॅमचा फरक सहज निघतो आणि डब्यावर नुसतं "३६० ते ३७५" असं लिहिलेलं असतं. गोल पेन्सिलीवर रॅकेट आडवी तोलून मुठीच्या टोकापासून अंतर मोजा. दुकानदार कंटाळला तरी चार-पाच नग काढायला लावा आणि त्यातली हलकी घ्या.