लहान कारखान्यांना वाढायला कोणती मदत लागते, कर्ज की प्रशिक्षण?

दोन्ही नंतर. आधी त्यांनी केलेल्या कामाचे पैसे वेळेवर द्या.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतो, आम्ही बोअरिंग-फेसिंग करून, म्हणजे आतलं भोक आणि तोंडं मापात कातून देतो. एका मोठ्या पंप कंपनीचं काम होतं. पीओवर, म्हणजे खरेदी ऑर्डरवर पैशांसाठी 45 दिवस छापलेले, यायला चार-चार महिने. फोन केला की अकाउंट्सवाले म्हणणार, परचेसला विचारा. परचेसवाले म्हणणार, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) व्हायचाय. माल तर केव्हाच त्यांच्या लाइनवर चढलेला. इकडे बिल फाडलं की जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा, पैसे आले असोत वा नसोत. इन्सर्टवाला (कातायची पाती देणारा) उधार ठेवत नाही, पोरांचा पगार शनिवारी. मग सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, लिमिटपर्यंत पूर्ण ओढायची. म्हणजे त्या कंपनीला खेळतं भांडवल आम्ही पुरवत होतो, तेही बँकेचं व्याज भरून.

माझे थोरले बंधू बँकेत आहेत. त्यांचं एकच पालुपद: लिमिट वाढव, नवीन व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) टाक, धंदा असाच वाढतो. मी म्हणायचो, काम वाढलं की अडकणारा पैसाही वाढणार. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात पैसे द्यायला 45 दिवसांची कमाल मुदत आहे आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. मी तसा हिशेब काढून कंपनीला पत्र पाठवलं, तर दादा आईसमोर म्हणाले, "गिऱ्हाईक घालवलंस."

पत्राला उत्तर आलं नाही. मग थकलेल्या बिलांसाठी असलेल्या सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार केली. असे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलची नोटीस गेल्यावर मुद्दल सगळं आलं, व्याजावर तडजोड झाली. त्यांनी काम काही महिने बंद ठेवलं, हे खरं. पण तेच ड्रॉइंग, म्हणजे त्याच भागाचं काम, परत आमच्याकडेच आलं, कारण दुसरीकडे बोअर गोल राहत नव्हतं. व्हीएमसीही आली, वसुली रुळावर आल्यावर.

सरकारने लहान धंद्यांच्या मुद्रा कर्जाची मर्यादा 20 लाखांवर नेली, ठीक आहे. पण माझ्या मते त्याहून मोठं काम 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातल्या 43बी(एच) कलमानं केलं. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या या तरतुदीमुळे, लहान पुरवठादाराचे पैसे मुदत उलटून मार्चअखेरीलाही बाकी राहिले तर तो खर्च कंपनीला कर भरताना त्या वर्षी वजा मिळत नाही. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले आता स्वतःहून फोन करतात. ट्रेड्स या ऑनलाइन बिल-बाजारावर बिल टाकलं तर बँका बोली लावून आधी पैसे देतात. पण खरेदीदाराने बिल मान्य करायला हवं, आणि अडतं तिथेच.

हे सगळ्यांना लागू नाही. 43बी(एच)मध्ये व्यापारी येत नाहीत, मध्यम उद्योगही नाहीत. कौन्सिलचा निकाल कायद्यात 90 दिवसांत आहे, प्रत्यक्षात जास्त लागतो. आणि तुमचं सगळं काम एकाच गिऱ्हाइकाचं असेल तर तक्रारीआधी दुसरं गिऱ्हाईक बघा. प्रशिक्षणाचं म्हणाल तर सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, तयार करायला ते लागतंच, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, माल द्यायच्या आधी करून ठेवा, नंबर प्रत्येक बिलावर छापा. आणि लिमिट वाढवा म्हणून कुणी, घरचं का असेना, सांगायला आलं तर त्याच्यापुढे आधी येणी बाकीची यादी ठेवा.