खेड्यातल्या शाळेत टॅब आणि अ‍ॅप आले, तरी मुलांना इंग्रजी बोलता का येत नाही?

यवतमाळकडच्या एका खेड्यात शिकवतो, तेवढ्या अनुभवावर सांगतो. लोक रेंज आणि लाइटचं नाव घेतात. ते खरंच आहे, पण त्यावर उपाय निघतो: व्हिडिओ आदल्या रात्री घरी उतरवून न्यायचे, टॅब चार्ज करून ठेवायचे. गूगलचं 'रीड अलाँग', म्हणजे पोरांचं वाचन ऐकून चुका दाखवणारं अ‍ॅप, तर एकदा गोष्टी उतरवल्या की नेटशिवायही चालतं.

खरी गोची उच्चारांची. मराठीत इकार ऱ्हस्व की दीर्घ, यानं बोलताना सहसा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. सातवीतली एक पोरगी मेंढीचं चित्र पाहून पाच वेळा 'शिप' म्हणाली, पाचही वेळा लाल फुली. शेवटी टॅब खाली ठेवत म्हणाली, "सर, याले माह्यं बोलणंच समजत नाही." चूक झाली एवढं अ‍ॅप सांगतं, ओठ ताणून 'ई' लांबव, हे मात्र समोर बसून आपल्यालाच दाखवावं लागतं.

आणि घरी फोन एकच, तोही बापासोबत वावरात. मग सराव कधी करणार?

राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. पण पोराच्या कानावर इंग्रजी पडतं ते वर्गातच. म्हणून मी पाच-सहा पोरांत एक टॅब देतो, आधी एकमेकांशी बोलायला लावतो, मग मशीनशी. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून तक्रारही येते. होऊ द्या.