वाचकांचे प्रश्न : उलट्या-जुलाबांचा आजार किती गंभीर?

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. चोवीस तासांत आठ जुलाब आणि पाच उलट्या झाल्या. डॉक्टरांनी 'व्हायरल आहे, सध्या सौम्य आहे' म्हणून घरी पाठवलं. आठ जुलाब सौम्य कसे? आणि आजार वाढला तर आम्हाला कळणार कसं?

उत्तर : आठ जुलाब होऊनही आजार सौम्य असू शकतो. जुलाबांच्या आकड्यावरून किती पाणी गेलं आणि त्यातलं किती तोंडावाटे परत मिळालं, ते कळत नाही. थोडी थोडी पातळ शी आठदा झालेल्या मुलापेक्षा डायपरबाहेर वाहणारी चारदाच झालेलं मूल लवकर ढासळतं. म्हणून मोजमाप शरीरातल्या पाण्याचं करायचं.

त्यासाठी चार गोष्टी बघतात : मुलाची तरतरी, डोळे, तहान आणि पोटावरची कातडी. मूल चिडचिडं झालंय, डोळे खोल गेलेत, पाणी दिसताच अधाशासारखं पितंय, कातडीचा चिमटा सावकाश बसतोय, यांतल्या दोन खुणा दिसल्या तर पाणी बऱ्यापैकी कमी झालंय. डोळे खोल गेलेत, मूल मलूल पडलंय, नीट पिता येत नाही किंवा चिमटा बसायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, यांतल्या कुठल्याही दोन खुणा म्हणजे तातडीनं रुग्णालय. चिमटा बेंबी आणि कुशीच्या मधोमध, उभा धरून सोडायचा. गुटगुटीत मुलाची कातडी पाणी कमी असूनही झटकन बसते आणि फार रोडावलेल्या मुलाची पाणी पुरेसं असूनही रेंगाळते, त्यामुळे एकट्या चिमट्यावर भिस्त ठेवू नका. मुलाचे डोळे मुळातच खोल आहेत की आज गेलेत, हे मात्र डॉक्टरांपेक्षा घरच्यांनाच नीट सांगता येतं.

तहानेच्या बाबतीत हमखास फसगत होते. मूल 'पाणी नको' म्हणतं ते दोन अगदी उलट परिस्थितींत : पाणी पुरेसं आहे म्हणून, किंवा गिळायचंही त्राण उरलं नाही म्हणून. खेळणारं मूल नको म्हणालं तर ठीक. काल घटाघट पिणारं मूल आज भांड्याकडे मान वळवत नसेल, तर ती सुधारणा समजू नका.

आजारापूर्वीचं वजन ठाऊक असेल तर त्याच काट्यावर, कपडे काढून पुन्हा वजन करा. ११ किलोची मुलगी १०.४ भरली तर ६०० ग्रॅम, म्हणजे साडेपाच टक्के घटली, आणि ही घट जवळपास सगळी पाण्याची असते. पाच टक्क्यांच्या आत सहसा खुणा दिसत नाहीत, दहाच्या पुढे जीवाला धोका असतो. मात्र आतड्यात साठून राहिलेलं पाणी काट्यावर दिसत नाही. पोट फुगलंय, जुलाब अचानक थांबलेत आणि मूल मलूल आहे, अशा वेळी वजन जैसे थे असलं तरी निर्धास्त राहू नका.

प्रश्न : डिस्चार्जच्या कागदावर 'व्हेसिकारी १२' लिहिलंय. म्हणजे काय?

उत्तर : फिनलंडमधल्या रूस्का आणि व्हेसिकारी यांनी १९९० मध्ये मांडलेली ही वीस गुणांची पद्धत आहे. जुलाब किती दिवस आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, उलट्यांचंही तसंच, ताप, डिहायड्रेशन आणि करावे लागलेले उपचार, अशा सात बाबींना गुण देतात. दिवसाला सहा किंवा जास्त जुलाब झाले की ३, पाच किंवा जास्त उलट्यांना ३, ताप ३९ अंश सेल्सिअस किंवा वर असला की ३, दाखल करावं लागलं तर २. बेरीज ११ किंवा जास्त झाली की आजार तीव्र धरतात, त्यामुळे १२ तीव्र गटात येतो.

पण ही बेरीज आजार संपल्यावरच पुरी होते. जुलाब किती दिवस टिकले हे पहिल्या रात्री कुणाला माहीत असणार? रोटाव्हायरसच्या लशींच्या चाचण्यांत आजारांची तुलना करायला ती फार उपयोगी पडली. आज रात्री मुलाला न्यायचं की नाही, हे मात्र वरच्या चार खुणांवरूनच ठरवा.

प्रश्न : जलसंजीवनी दिली की लगेच उलटी होते. मग सलाईनच लावायचं का?

उत्तर : बहुतेकदा गरज नसते, देण्याचा वेग चुकलेला असतो. तहानलेलं मूल पेलाभर एकदम पितं, ताणलेलं पोट ते उलटवून टाकतं. उलटीनंतर दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांना एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर द्या. पोटात टिकू लागलं की वेग वाढवा.

पाणी बऱ्यापैकी कमी झालं असेल तर दर किलोला ७५ मिलिलिटर, चार तासांत, असा हिशेब असतो आणि तो डॉक्टरांच्या नजरेखाली पुरा करायचा. वरच्या १०.४ किलोच्या मुलीला ७८० मिलिलिटर लागतील, म्हणजे दर दीड मिनिटाला साधारण एक चमचा. काम कंटाळवाणं आहे, पण चालतं. चार तासांनी खुणा पुन्हा तपासतात. खुणा नसतील तर प्रत्येक जुलाबामागे दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १००, त्यापुढच्याला १०० ते २०० मिलिलिटर पुरतं. अंगावरचं दूध थांबवू नका.

पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळी पुडी विरघळवा. कमी पाण्यात घट्ट केलं तर रक्तातला क्षार वाढतो. गोड सरबतं आणि शीतपेयं नकोत, जादा साखर पाणी उलट आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. नुसतं साधं पाणीच देत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड लहान मुलांना देऊ नका. आतडी थंडावतात, पाणी आतच साठतं.

प्रश्न : जुलाब नाहीत, नुसत्या उलट्या आहेत. हेही व्हायरलच ना?

उत्तर : पहिले काही तास असू शकतं, कारण रोटा आणि नोरो दोन्ही व्हायरसांत उलटी अनेकदा आधी येते. दिवस उलटून जुलाब सुरू झाले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. अपेंडिक्स, लघवीचा संसर्ग, मधुमेहाची सुरुवात असं काहीही त्यामागे असतं. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, थांबून थांबून कळवळून रडणं किंवा आठ तासांत लघवी न होणं, यांत दिवसभर वाट बघत बसू नका. सहा महिन्यांखालचं बाळ तर पहिल्याच दिवशी दाखवा.