छोटा तपकिरी होला कुठे राहतो? तो स्थलांतर करतो का?

छोटा तपकिरी होला हा कबुतराच्या कुळातला पक्षी कोरड्या भागात बारमाही राहतो. ठरावीक ऋतूत होणारं स्थलांतर तो करत नाही. बोरी-बाभळीचं माळरान, शेतांचे बांध, गावातली अंगणं या त्याच्या जागा. जास्त पावसाच्या, झाडीच्या भागात त्याच्याऐवजी ठिपकेवाला होला अधिक दिसतो. जमिनीवर पडलेलं बी हे त्याचं मुख्य खाणं, आणि असं कोरडं खाणाऱ्याला पाणी वरचेवर लागतं, म्हणून उन्हाळ्यात त्याला शोधायचं तर पाणवठ्यापाशीच बसावं. मात्र तो कधीच लांब जात नाही असं समजू नका: गुजरातेत ओळखीसाठी पायात कडी घालून सोडलेले होले सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला सापडले आहेत, आणि दमलेले पक्षी अरबी समुद्रातल्या जहाजांवर उतरल्याच्याही नोंदी आहेत.