स्लॉट मशीनवर जॅकपॉट लागला तर कॅसिनोतल्या कर्मचाऱ्यांना टिप द्यावी का? किती?

विचारणाऱ्याने खाली खुलासा केलाय की येत्या सुट्टीत लास वेगासला जायचं आहे, आणि "मशीनवर मी जिंकलो तर त्यात कर्मचाऱ्यांचा काय संबंध?" असं त्याचं म्हणणं आहे. त्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले आहे. एरवी मी इथे नुसती वाचायला येते.

आधी थोडक्यात. द्या. मशीन लॉक होऊन माणूस हातात रोख मोजून देणार असेल, म्हणजे ज्याला हँडपे म्हणतात ते झालं, तर वीस डॉलर. रक्कम पाच-सहा हजार असेल तर पन्नास ते शंभर. त्याच्या वर तुमच्या मनाला येईल तसं. एक टक्का द्यावा असं सांगणारे बरेच भेटतील, पण मोठ्या आकड्यांना टक्केवारी लावण्यात काही अर्थ नाही. २००३ साली वेगासच्या एक्सकॅलिबर कॅसिनोत एका तरुणाला मेगाबक्स नावाच्या स्लॉट मशीनवर ३ कोटी ९७ लाख डॉलर लागले होते. त्याचा एक टक्का काढा आणि कुठल्या अटेंडंटला ते पाकीट द्याल ते सांगा. असो.

आता संबंध काय, ते. मी नेवाडातल्या (वेगास याच राज्यात आहे) एका कॅसिनोत स्लॉट अटेंडंट, म्हणजे स्लॉट मशीनांकडे बघणारी कर्मचारी, होते. भावाने अर्ज केलेलं ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत माझं वय झालं होतं, इथे माझी पदवी कुणी विचारत नव्हतं, आणि फ्लोअरवरची, म्हणजे जिथे लोक खेळतात त्या हॉलमधली, नोकरी लगेच मिळाली. आठ तास उभं राहायचं, आणि तेही धुरात, कारण नेवाडात कॅसिनोच्या फ्लोअरवर आजही सिगारेट ओढता येते. नोट अडकली, प्रिंटरचा कागद संपला, "माझे शंभर डॉलर मशीनने गिळले" म्हणून कुणी मशीनला लाथ घातली, की आम्ही धावायचं. मशीनच्या डोक्यावरचा दिवा लुकलुकू लागला की समजायचं, कुणाला तरी लागलंय.

लागलं की नुसतं "या, घ्या" असं नसतं. ओळखपत्र बघायचं, वय २१ पूर्ण आहे ना ते बघायचं (नसेल तर जिंकलेलं सगळं जातं), कराचा फॉर्म करायचा, दुसऱ्या कर्मचाऱ्याला साक्षीला आणायचं, आणि मग खेळणाऱ्याच्या हातात एक-एक नोट मोजायची. ही रोकड भर गर्दीत मोजली जाते, आजूबाजूचे दहा जण टक लावून बघत असतात, आणि एक नोट कमी-जास्त झाली तर जबाब आम्हाला द्यावा लागतो. अमेरिकेत वर्षानुवर्षं ही हँडपेची रेघ १,२०० डॉलरवर होती, २०२६ पासून २,००० झाली. त्याच्या खाली मशीन चिठ्ठी छापून देतं, ती तुम्ही यंत्रात घालता आणि पैसे घेता. तिथे कुणाला काही द्यायची गरज नाही, तिथे माणूसच नसतो.

आता आमच्या घरची गोष्ट. नणंद आणि भाऊजी पुण्याहून आले होते. मी तेव्हा नोकरीत होते, पण त्यांना मुद्दाम दुसऱ्या कॅसिनोत नेलं, माझ्या फ्लोअरवर नको म्हणून. भाऊजी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला माणूस, रिक्षावाल्याकडून रुपया सुटा घेतल्याशिवाय खाली उतरत नाहीत. पण मशीनसमोर बसले आणि वीस, वीस, शंभर, शंभर नोटा सारत सुटले. नणंद डोळे वटारत होती. मी गप्प. शेवटी एकदाचा दिवा लुकलुकला. १,६०० डॉलर. तेव्हा हँडपेची रेघ १,२००चीच होती.

अटेंडंट आली ती फिलिपिनो बाई, वयाने माझ्याहून मोठी. हसून अभिनंदन केलं, पासपोर्ट मागितला. भारतीय पासपोर्ट म्हणजे वेगळा फॉर्म, १०४२-एस, आणि परदेशी नागरिकाच्या स्लॉटच्या जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के तिथल्या तिथे कापतात. म्हणजे ४८० गेले, हातात आले १,१२०. हे ऐकून भाऊजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईशीच वाद घालायला लागले, जणू काही ४८० डॉलर ती स्वतःच्या पर्समध्ये टाकणार होती. तिने शांतपणे तीनदा समजावलं. मग कागद करायला गेली, साक्षीदाराला घेऊन परत आली, आणि विचारलं, कशा नोटा हव्यात? भाऊजी म्हणाले, शंभराच्या.

तिने मोजल्या. शंभराच्या अकरा, आणि वर एक विसाची. ती विसाची नोट सगळ्यांत वर होती. भाऊजींनी सगळ्यांत आधी तीच उचलून खिशात घातली.

मी माझ्या पर्समधले वीस काढून तिला दिले. ती "थँक यू, हनी" म्हणून गेली. आणि मग जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. भाऊजींचं म्हणणं, "वहिनी, तुम्ही माझा अपमान केलात. मशीनने पैसे दिले, तिने काय केलं? आणि सरकारने ४८० डॉलर टिप घेतलीच की."

तिने काय केलं हे वर लिहिलंय. हो, नशीब तिने लावलं नाही. नशीब कुणीच लावत नाही, आत चिपमध्ये आकडे पडत असतात आणि अटेंडंटला त्यात बोटही घालता येत नाही. पण मग ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते वाटणाऱ्यालाही लोक टिप देतात, त्याने तरी कुठे एक्का बाहीत ठेवलेला असतो? वेटर स्वयंपाक करत नाही म्हणून हॉटेलात त्याला कुणी असं ऐकवत नाही.

दोन महिन्यांनी भाऊजींनी व्हॉट्सअॅपवर एक लेख पाठवला. त्याचा मथितार्थ असा, की अमेरिकेत टिपवाल्यांना तासाला २.१३ डॉलर मिळतात हे नेवाडाला लागू नाही, तिथे पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. हे बरोबर आहे. केंद्राचा तो २.१३चा आकडा १९९१ पासून तसाच आहे आणि बऱ्याच राज्यांत चालतो, पण नेवाडात नाही. तिथे जुलै २०२४ पासून सगळ्यांना तासाला किमान १२ डॉलर आहेत. म्हणून "टिप दिली नाहीत तर बिचारे उपाशी मरतील" असं मी कधीच म्हटलं नाही, भाऊजींनी ते माझ्या तोंडी घातलं. मला दया नको होती, आणि त्या बाईलाही नको होती. माझा मुद्दा एवढाच की मशीनमध्ये शंभराची नोट सारताना ज्याला हिशेब सुचत नाही, त्याला समोर जिवंत माणूस उभं राहिलं की एकदम बँकेतला काउंटर आठवतो. नेवाडाच्या नियमाप्रमाणे स्लॉट मशीनने दीर्घ मुदतीत किमान ७५ टक्के परत द्यावेत एवढीच अट आहे. बहुतेक मशीन त्याहून जास्त देतात, पण उरलेलं ते ठेवतातच, आणि कुणी त्याला फुकटखाऊ म्हणत नाही. त्या अकरा नोटांतल्या किती नोटा त्याच रात्री पुन्हा मशीनमध्ये गेल्या ते मी मोजलं होतं. इथे लिहीत नाही, नणंद हे वाचते.

फ्लोअरवर असताना मी दोन्ही टोकं पाहिली. चार हजार हातात पडल्यावर "मी अजून तोट्यातच आहे गं" म्हणत पाठ फिरवणारे रोज भेटायचे. खरंही असायचं ते, बहुतेक जण तोट्यातच असतात. त्यांचा मला राग नव्हता. राग यायचा तो हसत हसत "पुढच्या वेळी नक्की" म्हणणाऱ्यांचा. आणि आम्हाला मागता येत नाही हे लक्षात घ्या, टिप सुचवलेली दिसली तरी नोकरी जाऊ शकते. "कशा नोटा हव्यात" एवढाच काय तो प्रश्न आम्ही विचारू शकतो. तेव्हा तुम्ही "थोड्या विसाच्या द्या" म्हणालात की समोरच्या माणसाला सगळं समजतं, आणि तुमचीही शंभराची नोट फोडायची पंचाईत होत नाही.

बाकीच्यांचं पटकन सांगते. पेयं आणून देणाऱ्या मुलीला दर ग्लासामागे एक-दोन डॉलर द्या, जिंका किंवा हरा, कारण खेळत असताना पेय फुकट असतं म्हणून तिचे पाय फुकट नसतात. साक्षीला आलेला सुपरवायझर असेल तर त्याला देऊ नका, बहुतेक ठिकाणी त्यांना घेताच येत नाही. अटेंडंटची टिप काही कॅसिनोंत सगळ्यांच्यात वाटली जाते, काहींत ज्याची त्याला. तुम्हाला ते विचारायची गरज नाही.

हे सगळं अमेरिकेपुरतं. दुसऱ्या देशात जाणार असाल तर तिथली रीत तिथे विचारा. आणि सक्ती कुठेच नाही. अटेंडंटने तासभर ताटकळत ठेवलं, उर्मटपणे बोलली, तर एक डॉलरही देऊ नका, मीच सांगते. रात्रभर हरून शेवटी लागलेले पैसे घरी जायच्या विमानाचे असतील तरी नका देऊ, थँक यू म्हणा आणि निघा. टिप दिलीत म्हणून करात वजावट मिळत नाही, फॉर्मवर पूर्ण रक्कमच चढते, हेही आधीच धरून चला.

तुम्ही भारतीय पासपोर्टवर जाताय असं दिसतंय. तेव्हा पासपोर्ट सोबत ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नको. १०४२-एसचा कागद जपा. भाऊजींनी तो रागाने हॉटेलच्या खोलीतच टाकला, आणि पुढे विवरणपत्र भरताना त्यांच्या सीएने नेमका तोच मागितला, कारण तिकडे कर भरल्याचा पुरावा तेवढाच. ३० टक्के कापले जातील हे मनाशी ठरवूनच मशीनवर बसा आणि तो राग समोरच्या बाईवर काढू नका. तो कापलेला पैसा नकोच असेल तर टेबलावर बसा. ब्लॅकजॅक, बॅकरॅट, क्रॅप्स, रूलेट, यांत जिंकलेल्यावर परदेशी माणसाचा हा कर कापत नाहीत. हे मी भाऊजींना त्या मशीनवर बसायच्या आधीच सांगितलं होतं, नणंद साक्षीला आहे.