बायबलमधल्या मत्तय 3:12 मध्ये ‘त्याच्या हातात सूप आहे’ आणि तो भूस जाळून टाकील, असं म्हटलंय. बोलीत भाषांतर करताना ‘सूप’च ठेवावं का? आणि कुठला शेतकरी भूस जाळेल?

सूप ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे उफणणारा वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, चढतो आणि सुपातून किंवा पाटीतून माल हळूहळू खाली सोडतो. पॅलेस्टाईनमधला शेतकरी जमिनीवरच उभा राहून लांब दांड्याच्या लाकडी दाताळ्याने मळलेला माल वाऱ्यावर उंच उडवायचा. मूळ ग्रीकमधलं ‘प्टुऑन’ म्हणजे हेच अवजार. जड दाणे जवळच पडत, काड्यांचे तुकडे थोडे पुढे, आणि फोलपटं पार लांब उडून जात. नंतर फावडं हाती यायचं (यशया 30:24 मध्ये दोन्ही अवजारं जोडीने आलीत) आणि सगळ्यात शेवटी चाळण. दाताळं हातात आलं म्हणजे मळणी उरकलेली असते, आता फक्त निवाडा व्हायचा बाकी. हे वचन ज्याच्या तोंडी आहे त्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला नेमकं तेच सांगायचंय. तुमच्या बोलीत नाव नसेल तर सरळ ‘उफणायचं दाताळं’ लिहा.

भुसाबद्दलची तुमची शंका अगदी रास्त आहे. आपल्या माणसाला भूस जाळणं म्हणजे गुरांच्या तोंडचा घास जाळणं वाटणार. हिब्रूत दोन वेगळे शब्द आहेत: ‘तेबेन’ म्हणजे चारा, विटांच्या मातीत कालवायचा तोही हाच (निर्गम 5), आणि ‘मोत्स’ म्हणजे स्तोत्र 1 मधलं वाऱ्यावर उडणारं फोलपट. मत्तयातल्या ग्रीक शब्दात दोन्ही येतात, पण इथे दाण्याशी विरोध दाखवायचा आहे, म्हणून मी ‘फोलपट’ घेईन.

खळ्याची जागाही नीट समजून घ्या. गावाबाहेर, वारा लागेल अशी मोकळी, पुष्कळदा उघड्या खडकावरची. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून तर रूथच्या गोष्टीतला शेतमालक बवाज रात्री सातू उफणतो (रूथ 3:2) आणि राशीपाशीच झोपतो. आपल्याकडेही रास राखायला खळ्यावर झोपतातच, हे वाचकाला सांगावं लागणार नाही.

गिदोनाचं मात्र सांगावं लागेल. शास्ते 6:11 मध्ये तो द्राक्षकुंडात, म्हणजे द्राक्षं तुडवायच्या कुंडात, गहू झोडतो. तिथे ना वारा, ना बैल फिरवायला जागा. खडकात खोदलेल्या त्या कुंडात तो पिकं लुटणाऱ्या मिद्यानी लोकांच्या नजरेपासून गहू लपवतोय. तिथे खोलगट खड्डा डोळ्यांपुढे येईल असाच शब्द निवडा.