संगणक शंकासमाधान : रीस्टार्ट कुणाच्या मर्जीनं?

प्रश्न : मी डीटीपीचं काम करते. संगणकावर विंडोज ११ होम आहे. रात्री पुस्तकाची पीडीएफ एक्स्पोर्टला लावून झोपले. सकाळी पाहते तर समोर लॉगइनचा पडदा, पीडीएफ अर्धवट आणि सेव्ह न केलेल्या दुरुस्त्याही गेल्या. ‘ॲक्टिव्ह अवर्स’ सकाळी ८ ते रात्री ११ लावले होते, तरी असं का झालं? (पुणे)

उत्तर : ‘तरी’ नव्हे, म्हणूनच झालं. ॲक्टिव्ह अवर्स लावणं म्हणजे ‘या वेळात रीस्टार्ट करू नकोस’ असं सांगणं. उरलेल्या वेळात मुभा आपोआपच मिळते. हा पट्टा जास्तीत जास्त १८ तासांचा ठेवता येतो. म्हणजे किमान ६ तास विंडोजला मोकळे राहतातच, आणि ते आपण सगळेच रात्रीचे देतो. तुमचं एक्स्पोर्ट नेमकं त्याच वेळात चाललं होतं.

आता वेळापत्रक समजून घ्या. मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा-दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे १० वाजले की सुटते. आपल्याकडे तेव्हा मंगळवार रात्रीचे १०.३० किंवा (तिकडे हिवाळी वेळ असताना) ११.३० वाजलेले असतात. त्यामुळे ती आपल्या गळ्यात पडते बुधवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या बुधवारभोवती गोल करून ठेवा. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या फाइली सेव्ह करा, सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडून ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा आणि रीस्टार्ट स्वतः उरका. पुढचे काही आठवडे बहुधा शांततेत जातात.

रात्रभराचं काम असेल तर त्याच पानावरचं ‘पॉज’ वापरा. १ ते ५ आठवडे निवडता येतात. पण अपडेट आधीच उतरून रीस्टार्टची वाट पाहत असेल, तर पॉजवर भिस्त ठेवू नका. पॉवरच्या मेनूत ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दिसतंय का बघा. दिसत असेल तर आधी ते करून घ्या, मगच एक्स्पोर्ट लावा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये रीस्टार्टची सूचना देणारं बटण चालू ठेवा आणि ‘गेट मी अप टू डेट’ (ॲक्टिव्ह अवर्समध्येही रीस्टार्ट करू देणारं) बंद ठेवा. मुख्य पानावरचं ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स’ही बंदच बरं. ते चालू असलं की पुढच्या महिन्याच्या दुरुस्त्या चाचणीच्या रूपात आधीच येतात. छपाईच्या मुदतीत ही हौस कुणाला हवी आहे?

प्रश्न : दुकानदारानं ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन विंडोज अपडेट ‘डिसेबल्ड’ करून दिलं होतं. काही दिवसांनी पुन्हा चालू! व्हायरस आहे का? (सांगली)

उत्तर : नाही. विंडोजमध्ये ‘अपडेट मेडिक’ नावाची दुसरी सर्व्हिस असते. अपडेटचा कुठला भाग बंद पडला की तो दुरुस्त करणं एवढंच तिचं काम. तुम्ही मुद्दाम बंद केलं की आपोआप बिघडलं, यात ती फरक करत नाही. तिलाही बंद पाडणारी फुकट साधनं मिळतात; ती वापरू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस १२ मे २०१७ रोजी पसरला, तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, त्यानंही तेच भोक वापरलं, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. (गंमत अशी की तो पसरायला सुरुवात झाली तीच युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तेव्हा अपडेटला शंका न घेता पुजा, असंही आमचं म्हणणं नाही.)

अडवायचंच असेल तर रीस्टार्ट अडवा, दुरुस्ती नको. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायच्या सोयीत) ‘कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स’ला पर्याय २ द्या. मग डाउनलोडच्या आधीच तुम्हाला विचारलं जातं. होममध्ये ग्रुप पॉलिसीचा संपादक नसतो.

प्रश्न : मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपतो. (रत्नागिरी)

उत्तर : वाय-फायच्या यादीत त्या हॉटस्पॉटचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मोठी अपडेट्स थांबतात, मात्र एखादी तातडीची दुरुस्ती तरीही येऊ शकते. ही खूण त्या एका नावापुरतीच असते; फोन बदललात किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललंत की पुन्हा करावी लागते. शिवाय ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये दुसऱ्या संगणकांशी देवाणघेवाण बंद करा, नाहीतर तुमच्या डेटावर दुसऱ्याचं अपडेट जायचं.

प्रश्न : अपडेटनंतर प्रिंटर मुका झाला. मागे जाता येतं का? (नागपूर)

उत्तर : आधी ठरवा, काय आलं होतं. ‘अपडेट हिस्ट्री’त ड्रायव्हरचं नाव असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून बघा. मासिक दुरुस्ती असेल तर त्याच हिस्ट्रीच्या तळाशी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे. काढून टाकल्यावर लगेच पॉज लावा, नाहीतर तीच उद्या परत बसेल. विंडोजची अख्खी नवी आवृत्ती बसली असेल तर ‘सिस्टम’मधल्या ‘रिकव्हरी’तून १० दिवसांच्या आत मागे जाता येतं. त्या १० दिवसांत ‘डिस्क क्लीनअप’मधून जुन्या विंडोजच्या फाइली उडवू नका, परतीचा रस्ता त्यांच्यातच असतो.

प्रश्न : विंडोज १० चा पाठिंबा संपला. आता अपडेटची कटकट गेली, नाही का? (ठाणे)

उत्तर : कटकट गेली, भोकं राहिली. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या. वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या मिळतात : मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवून फुकट, मायक्रोसॉफ्टच्या बक्षीस योजनेतले १००० रिवॉर्ड गुण देऊन किंवा ३० डॉलर भरून. नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरच होते. तिथे ती दिसत नसेल तर आधी तुमची आवृत्ती २२एच२ आहे का ते तपासा.